व्हेइकल राउटिंगसाठी कोणती लायब्ररी धरावी? ओआर-टूल्स, व्रूम, पायव्हीआरपी की अजून काही

नकाशातला_किडा

नमस्कार मंडळी,

ऑफिसात एक काम गळ्यात पडलंय. रोजच्या गाड्यांचे रूट आत्तापर्यंत एक अनुभवी माणूस एक्सेलमध्ये डोक्याने बसवत होता, आता स्टॉप वाढले आणि त्याच्या डोक्याला पण मर्यादा आहेत, म्हणून हे सॉफ्टवेअरने करायचं ठरलंय आणि सॉल्व्हर (म्हणजे रूट काढून देणारी तयार लायब्ररी) निवडायची जबाबदारी माझ्यावर आलीये. सॉल्व्हर स्वतः लिहायचा नाही एवढं नक्की.

प्रॉब्लेम असा आहे: रोज ३०० ते ४०० स्टॉप, २० एक गाड्या, त्यात दोन साइज, डेपो एकच. साधारण निम्म्या स्टॉपना टाइम विंडो, म्हणजे ठरलेल्या वेळेतच पोचायचं. बहुतेक माल डेपोतून निघतो पण काही ऑर्डर अशा की एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी त्याच गाडीने पोचवायच्या. ड्रायव्हरला मध्ये ब्रेक द्यावा लागतो. सगळं बसत नसेल तर काही स्टॉप दुसऱ्या दिवसावर गेले तरी चालतात, पण महत्त्वाचे स्टॉप राहता कामा नयेत. आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे दिवसा मध्येच नवीन ऑर्डर येते, तेव्हा गाड्या रस्त्यावर असताना प्लॅन परत करायचा.

टीम पायथनवाली आहे. जावा येत नाही असं नाही पण हौसेने कोणी हात लावणार नाही.

नेटवर बघितलं तर नावं ढीगभर, ओआर-टूल्स, व्रूम, पायव्हीआरपी, जेस्प्रिट, टाइमफोल्ड, एलकेएच, आणि प्रत्येकाचं रीडमी वाचलं की वाटतं हाच घ्यावा. ज्यांनी खरोखर प्रॉडक्शनला चालवलंय त्यांनी सांगा, कशावरून ठरवायचं? नुसतं "अमुक वापर" नको, का ते पण लिहा प्लीज.

---

स्लॅकवाला

तुमची यादी वाचली तर त्यातलं सगळं ओआर-टूल्समध्ये बसतं, म्हणून माझं मत तिकडे. गूगलची आहे, अपाची २.० लायसन्स, आतला कोड सी++ पण पायथन, जावा, सी शार्प सगळ्यातून वापरता येते. कपॅसिटी, विंडो, पिकअप-ड्रॉप जोड्या, ब्रेक, स्टॉप सोडून देणं, सगळं आहे.

पण नवीन माणूस त्यात कुठे अडकतो ते सांगतो कारण डॉक्युमेंटेशन उदाहरणांपुरतं छान आहे आणि त्यापलीकडे गेलात की हेडर फाइलमधल्या कॉमेंट वाचाव्या लागतात.

पहिलं म्हणजे सगळे आकडे पूर्णांक लागतात. किलोमीटर दशांशात दिलेत तर अचूकता गेलीच समजा, मीटर आणि सेकंद द्या. दुसरं, टाइम डायमेन्शन (रूटवर साचत जाणाऱ्या वेळेचा हिशोब) बनवताना स्लॅक विचारतात, तो म्हणजे गाडीने एखाद्या ठिकाणी किती थांबायची मुभा. तिथे शून्य टाकलं की गाडी लवकर पोचून विंडो उघडायची वाट बघूच शकत नाही आणि मग सोपा दिसणारा प्रॉब्लेम सुद्धा "सोल्युशन नाही" म्हणतो, कारण मात्र सांगत नाही. त्याच फंक्शनमध्ये सुरुवात शून्याला बांधायचा एक फ्लॅग असतो, विंडो असतील तर तो फॉल्स ठेवा, नाहीतर सगळ्या गाड्या घड्याळाच्या शून्यालाच निघतात.

तिसरं आणि तुमच्या कामाचं, डिसजंक्शन. प्रत्येक स्टॉपला पेनल्टी लावायची, म्हणजे स्टॉप सोडला तर एवढी किंमत. महत्त्वाच्या स्टॉपला मोठी, बाकीच्यांना कमी. पेनल्टी लावली नाही तर स्टॉप सक्तीचा होतो आणि एक जरी बसला नाही तरी अख्खं उत्तर जातं. फार कमी लावली तर तो आळशासारखा लांबचे स्टॉप सोडून देत बसतो, शेवटी सॉल्व्हरला तेच स्वस्त पडतं ना. जोड्या असतील तर पिकअप आणि ड्रॉप दोन्ही एकाच डिसजंक्शनमध्ये कसे घालायचे ते बघून घ्या.

चौथं, डीफॉल्टवर सोडलं तर पहिलं उत्तर काढून थोडी डागडुजी करतो आणि लोकल मिनिममला थांबतो, म्हणजे छोट्या बदलाने अजून सुधारत नाही अशा ठिकाणी. लोक तेवढ्यावरून म्हणतात ओआर-टूल्सचे रूट वाईट येतात. तिथून बाहेर काढणारा गाइडेड लोकल सर्च लावा आणि टाइम लिमिट द्याच, कारण तो आपणहून थांबत नाही. आणि राउटिंगचा भाग एकाच थ्रेडवर चालतो, मोठं मशीन घेतलं म्हणून फास्ट होणार नाही.

मधल्या दिवसाच्या प्लॅनसाठी जुने रूट सुरुवातीचं उत्तर म्हणून देता येतात आणि रूटचा झालेला भाग लॉक करता येतो. हे दोन्ही बाकी बऱ्याच ठिकाणी नाही किंवा आडमार्गाने करावं लागतं.

---

टेबल_सर्व्हिस

वरचं सगळं बरोबर पण मला उलटं सांगायचंय. सॉल्व्हर नंतर निवडा हो, आधी मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणापर्यंतच्या वेळ-अंतराचा तक्ता, कुठून आणणार ते सांगा.

४०० स्टॉप आणि डेपो म्हणजे ४०१ गुणिले ४०१, एक लाख साठ हजाराच्या वर जोड्या. हे कुठल्या बाहेरच्या एपीआयकडून रोज मागवायचं म्हणजे बिल बघून मॅनेजर प्रोजेक्ट बंद करेल. सरळ रेषेचं अंतर घेऊन त्याला काहीतरी गुणायचं हा शॉर्टकट डेमोला चालतो, मध्ये नदी नाहीतर रेल्वेलाइन आली की पलीकडचा स्टॉप शेजारी दिसतो आणि ड्रायव्हर तुम्हाला शोधत येतो. वन-वेमुळे जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा असतो ते तर राहिलंच.

म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन आपल्याच सर्व्हरवर ओएसआरएम (रस्त्यांवरून मार्ग काढणारं ओपन सोर्स इंजिन) उभा करा. त्याची टेबल सर्व्हिस एवढं मॅट्रिक्स अगदी पटकन देते. फक्त डीफॉल्टला एका वेळी १०० च पॉइंट घेतो, सुरू करतानाच मर्यादा वाढवून द्या. डीफॉल्टला नुसता वेळ देतो, अंतर पण हवं असेल तर ॲनोटेशनमध्ये मागावं लागतं. आणि त्यांचा जो पब्लिक डेमो सर्व्हर आहे तो डेमोसाठी आहे, त्यावर धंदा चालवू नका. ओएसआरएमला ट्रॅफिक आपोआप कळत नाही, रस्त्याच्या तुकड्यांचे वेग स्वतः फाइलने देता येतात, नकाशा आधी तयार करून ठेवायच्या त्याच्या दोन पद्धती आहेत, ते वेग वारंवार बदलायचे असतील तर एमएलडी घ्या, एकदाच करून ठेवायचं असेल तर सीएच, मोठ्या टेबलला तो जास्त वेगवान आहे. गाडीच्या साइजप्रमाणे रस्ते बदलत असतील तर व्हलहाला हे तसंच दुसरं इंजिन पण बघा, तिथे ट्रकची उंची-वजन विनंतीबरोबरच देता येतं.

आता सॉल्व्हर. ओएसआरएम उभा झाला की व्रूम त्याच्याशी थेट बोलतो. जेसन द्या, जेसन घ्या. सी++ मध्ये आहे, बीएसडी लायसन्स, सर्व्हर म्हणून चालवायला व्रूम-एक्सप्रेस आहे, पायथनसाठी पण बाइंडिंग मिळतं. टाइम विंडो एकापेक्षा जास्त देता येतात, स्किल (कुठला स्टॉप कुठल्या गाडीला चालतो ते सांगणारी खूण), ब्रेक, प्रायॉरिटी ० ते १००, पिकअप-ड्रॉपला शिपमेंट म्हणतात, जे बसले नाही ते अनअसाइन्ड म्हणून वेगळे येतात. पेनल्टी किती लावू हा वरचा सगळा विचारच नाही कारण तो आधी जास्तीत जास्त काम बसवतो आणि मग खर्च कमी करतो. तुमच्या साइजला उत्तर काही सेकंदांत येईल, मल्टिथ्रेड पण आहे.

एक आत्ताच सांगून ठेवतो, कोऑर्डिनेट आधी लाँगिट्यूड मग लॅटिट्यूड असे द्यायचे. उलटे दिले की सगळे स्टॉप समुद्रात नाहीतर दुसऱ्याच खंडात.

---

नकाशातला_किडा

दोघांचे आभार, मॅट्रिक्सचा विचार खरंच मागे टाकला होता म्हणजे ते "नंतर बघू" च्या यादीत होतं.

टेबलभाऊ, मग व्रूममध्ये कमी काय आहे? कारण ऐकून तर वाटतंय प्रश्न सुटलाच. आणि अजून एक, आमचे ड्रायव्हर आपापला एरिया सोडायला तयार नसतात. एक्सेलवाल्या काकांचे रूट लांबीला जास्त असतील पण प्रत्येकाला आपली गल्ली माहीत असते. सॉल्व्हरने चार किलोमीटर वाचवायला एकाच बिल्डिंगपाशी दोन गाड्या पाठवल्या तर कोणी ऐकणार नाही.

---

टेबल_सर्व्हिस

कमी म्हणजे, जे त्याच्या जेसनमध्ये नाही ते नाही. स्वतःचा नियम घालायला जागाच नाही. गाड्यांमध्ये काम सारखं वाटायचंय असं सांगता येत नाही, मॅक्स टास्क किंवा मॅक्स प्रवास वेळ लावून जुगाड करायचा. गाडी डेपोत परत येऊन माल भरून पुन्हा निघणार असेल तर तीच गाडी दोन गाड्या म्हणून दाखवा, सकाळची आणि दुपारची.

---

रुइन_रिक्रिएट

इथे सगळे पायथनच्या बाजूने बोलतायत म्हणून जावाची बाजू मी मांडतो.

तुम्ही जो एरियाचा मुद्दा लिहिलात ना, माझ्या मते खरा निकष तोच आहे. आज एरिया, उद्या कोणीतरी म्हणेल हा ग्राहक त्या ड्रायव्हरला नको, परवा म्हणेल हे दोन माल एका गाडीत नको, मग सलग किती तास गाडी चालवायची त्याचे नियम. प्रत्येक कंपनीत असे नियम निघतातच आणि ते प्रोजेक्ट सुरू झाल्यावरच कळतात, आधी विचारलं तर सगळे म्हणतात काही नाही हो साधंसोपं आहे. त्यामुळे लायब्ररी फास्ट किती यापेक्षा आपला नियम घालायला ती किती त्रास देते हे बघावं.

टाइमफोल्ड म्हणजे ऑप्टाप्लॅनर या जुन्या जावा सॉल्व्हरचा फोर्क (त्याच कोडवरून निघालेली शाखा), २०२३ मध्ये मूळ लोकांनीच वेगळा काढला. त्यात नियम जावा किंवा कोटलिनमध्ये लिहायचे, हार्ड (मोडायचेच नाहीत) वेगळे सॉफ्ट (मोडले तर स्कोअर कमी) वेगळे, आणि उत्तर आल्यावर कुठल्या नियमाने किती स्कोअर खाल्ला ते फोडून दाखवतो. वर स्लॅकवाल्यांनी लिहिलंय की ओआर-टूल्स "नाही" म्हणतो पण कारण सांगत नाही, इथे मोडकं उत्तर का होईना देतो आणि कुठे मोडलं ते पण सांगतो. ऑपरेशन्सच्या माणसाला "का" चं उत्तर देता येणं याची किंमत प्रॉडक्शनला गेल्यावर कळते. गाड्या चालू असताना बदल करायची सोय पहिल्यापासून विचारात घेतलेली आहे, झालेले स्टॉप पिन करायचे आणि पुढे चालू.

तोटा पण सांगतो, हा फक्त राउटिंगसाठी बनवलेला नाही, शिफ्ट, टाइमटेबल सगळ्यालाच चालतो, त्यामुळे शुद्ध राउटिंगमध्ये खास त्यासाठी बनवलेल्या सॉल्व्हरइतके रूट लगेच घट्ट येत नाहीत. मोठ्या साइजला उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी, नीअरबाय सिलेक्शन (बदल करताना जवळचेच स्टॉप आधी बघणं) आणि मल्टिथ्रेडिंग, ओपन आवृत्तीऐवजी व्यावसायिक आवृत्तीत ठेवल्या होत्या, तेव्हा घेण्याआधी काय कशात आहे ते तपासा.

जेस्प्रिट पण जावातच, ग्राफहॉपरवाल्यांचं, आतून रुइन अँड रिक्रिएट, म्हणजे प्लॅनचा एक तुकडा मोडायचा आणि परत बांधायचा, हेच करत राहायचं. कोड वाचायला स्वच्छ आहे, स्वतःचा नियम घालणं सोपं आहे, पण त्यावरचं काम आता मंदावलंय. शिकायला घ्या, नवीन प्रोजेक्टला मी विचार करेन.

---

एक्स_इन्स्टन्स

पायव्हीआरपी कोणी घेतच नाहीये म्हणून मी.

रूटच्या दर्जाबद्दल बोलायचं तर ओपन सोर्समध्ये हे सगळ्यात वरच्यांपैकी आहे. विदाल यांच्या हायब्रिड जेनेटिक सर्च या राउटिंगच्या पद्धतीतून निघालेलं, आतला कोड सी++, बाहेरून स्वच्छ पायथन, एमआयटी लायसन्स, पिप इन्स्टॉल आणि पंधरा-वीस ओळींत मॉडेल तयार. विंडो, वेगवेगळ्या गाड्या, अनेक डेपो, बक्षीस लावून ऐच्छिक स्टॉप, सगळं आहे. पण धागालेखक, तुमचं जे "इथून उचल तिथे दे" आहे ते मी वापरलेल्या आवृत्त्यांत नव्हतं. डेपोतून नेणं आणि डेपोत परत आणणं होतं, दोन ग्राहकांमधली जोडी नव्हती. हे नीट बघा कारण फीचरच्या यादीत "पिकअप अँड डिलिव्हरी" एवढेच शब्द वाचून लोक फसतात, त्या शब्दांत दोन वेगळे प्रॉब्लेम लपलेत.

दुसरं, कोणी तुम्हाला बेंचमार्क दाखवला तर आधी विचारा की काय कमी केलंय. सॉलोमनचे १९८७ चे ५६ इन्स्टन्स (चाचणीसाठी ठरवलेले नमुना प्रॉब्लेम) आहेत, १०० ग्राहकांचे, त्याच इन्स्टन्सवर एक परंपरा आधी गाड्या कमी करते मग अंतर, दुसरी फक्त अंतर बघते आणि आकडे एका दशांशावर कापते. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून "आम्ही जिंकलो" म्हणणारे ब्लॉग पाहिलेत मी. उचोआ आणि मंडळींचा एक्स सेट घ्या, १०० ते १००० ग्राहक, १०० इन्स्टन्स, तो जास्त कठीण आहे पण त्यात विंडोच नाहीत, म्हणजे तुमच्या कामाबद्दल तोही अर्धंच सांगतो. शिवाय या सगळ्यात अंतर सरळ रेषेचं, वन-वे वगैरे भानगड नाही.

तेव्हा बेंचमार्क स्वतःचाच करा. काकांच्या एक्सेलमधले जुने दिवस काढा, त्यात एक गर्दीचा आणि एक मोकळा दिवस हवाच, आणि तेच मॅट्रिक्स तोच टाइम लिमिट देऊन दोन-तीन सॉल्व्हर चालवा. तपासणारा कोड सॉल्व्हरपासून वेगळा लिहा, म्हणजे रूट द्यायचे आणि त्याने विंडो, वजन, एकूण वेळ स्वतः मोजायचं. सॉल्व्हरने छापलेल्या कॉस्टवर विश्वास ठेवला तर प्रत्येकाची कॉस्ट वेगळ्या व्याख्येची असते.

आणि एलकेएच-३ च्या नादी लागू नका. हेल्सगाउन यांचं काम जबरदस्त आहे, पण लायसन्स अभ्यास आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, कंपनीत तुलनेला सुद्धा लावायच्या आधी लीगलला विचारा.

---

गणितप्रेमी_०७

एवढ्या सगळ्यापेक्षा गुरोबी नाहीतर सीप्लेक्ससारखा गणिती सॉल्व्हर घेऊन सरळ इंटीजर प्रोग्रामिंगने ऑप्टिमल का नाही काढत? ह्युरिस्टिक म्हणजे शेवटी अंदाजच ना.

---

एक्स_इन्स्टन्स

@गणितप्रेमी, पुस्तकातली एमटीझेडवाली (मिलर-टकर-झेमलिन) मांडणी टाकून बघा, काही डझन ग्राहकांतच गॅप, म्हणजे सापडलेलं उत्तर आणि सिद्ध झालेली मर्यादा यातलं अंतर, हलायचा बंद होतो. या प्रॉब्लेमसाठी एक्झॅक्ट पद्धती आहेत, ब्रँच-कट-अँड-प्राइस, व्हीआरपीसॉल्व्हर नावाचं त्याचं पॅकेज पण आहे, पण त्या वेगळ्या जातीच्या आणि वेळ किती लागेल याची खात्री नाही. १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅम्सरनी हा प्रॉब्लेम मांडला, ६४ मध्ये क्लार्क आणि राइटने सेव्हिंग्ज ह्युरिस्टिक दिलं, ते आजही ओआर-टूल्समध्ये पहिल्या उत्तराचा पर्याय म्हणून बसलंय. आणि मॅट्रिक्समधला प्रवासवेळच अंदाजे आहे, त्यावर शेवटचा अर्धा टक्का ऑप्टिमल करून काय करणार?

---

स्लॅकवाला

एरियाच्या मुद्द्यावर. हा नियम हार्ड करू नका, म्हणजे "हा स्टॉप याच ड्रायव्हरला" असं बांधू नका, तसं केलं की एक ड्रायव्हर सुट्टीवर गेला की अख्खा एरिया अनाथ. खर्चात घाला. ओआर-टूल्समध्ये प्रत्येक गाडीला वेगळं कॉस्ट फंक्शन देता येतं, तर त्या गाडीच्या ओळखीच्या एरियाबाहेरच्या स्टॉपला जाण्याची किंमत थोडी वाढवायची. प्रवासाचा वेळ मात्र खराच ठेवायचा, टाइम डायमेन्शन वेगळं असतं त्यामुळे वेळा बिघडत नाहीत. किंमत किती वाढवायची ते काकांना शेजारी बसवून ठरवा, दोन-तीन पातळ्यांचे नकाशे काढा आणि त्यांना निवडू द्या.

---

टेबल_सर्व्हिस

हे व्रूममध्ये पण होतं बरं का. मॅट्रिक्स स्वतः दिलं तर वेळेचं वेगळं आणि कॉस्टचं वेगळं देता येतं, आणि प्रत्येक प्रोफाइलला (गाडीच्या प्रकाराला) वेगळं. गाडीमागे एक प्रोफाइल केली की झालं, जेसन जाडजूड होईल एवढंच. स्किल वापरून करू नका, स्किल हार्ड असतं.

एका बिल्डिंगपाशी दोन गाड्या, यावर सॉल्व्हरच्या आधीच उपाय करा. एकाच पत्त्याचे स्टॉप एकत्र करून एकच स्टॉप बनवा, वजन आणि सर्व्हिस टाइम बेरजेने, म्हणजे प्रॉब्लेम पण लहान होतो. सर्व्हिस टाइमवरून आठवलं, सगळ्या स्टॉपला सरसकट पाच मिनिटं टाकतात लोक आणि मग ईटीए चुकला की शिव्या सॉल्व्हरला. गाड्यांना जीपीएस असेल तर तिथून खरे थांबे काढा, पार्किंग आणि जिने धरून किती लागतात ते ग्राहकागणिक खूप वेगळं असतं.

---

नकाशातला_किडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

ठरवलंय ते असं. ओएसआरएम आधी उभा करतो. पायव्हीआरपी जोड्यांमुळे बाजूला, टाइमफोल्ड भाषेमुळे बाजूला (रुइनराव रागावू नका, नियम वाढत गेले तर परत येईन). व्रूम आणि ओआर-टूल्स दोन्ही जुन्या दिवसांवर चालवून बघतो. मधे आमचा स्वतःचा एक फॉरमॅट ठेवतोय, ऑर्डर आणि गाड्या त्यात, आणि तिथून दोन्ही सॉल्व्हरला भाषांतर, म्हणजे उद्या बदलावं लागलं तर वरचा कोड तसाच राहील. तपासणारा कोड वेगळा, हे पटलं.

शेवटचा एक प्रश्न: दिवसा नवीन ऑर्डर आली की पूर्ण परत सोडवायचं की नुसती मध्ये घुसवायची?

---

स्लॅकवाला

आधी घुसवून बघा. आहे त्या रूटमध्ये प्रत्येक जागी टाकून सगळ्यात स्वस्त वैध जागा शोधायची, हे तुम्ही स्वतः पायथनमध्ये लिहू शकता आणि उत्तर तत्क्षणी येतं, ग्राहक फोनवर असताना "हो जमेल" सांगता येतं. मागून गाडीत आधीच असलेला माल धरून उरलेल्या स्टॉपवर सॉल्व्हर चालू द्या, पण नवीन प्लॅन ठरावीक फरकाने चांगला असेल तरच ड्रायव्हरला पाठवा. दर दहा मिनिटांनी क्रम बदलला तर ते फोनच बघायचे बंद होतील. आणि पुढचा जो स्टॉप आहे, जिकडे गाडी निघालीच आहे, तो कधीच बदलायचा नाही, तो लॉक. सकाळीच डेपोतून भरलेला माल दुसऱ्या गाडीला देता येत नाही हे पण मॉडेलला सांगावं लागतं, त्या स्टॉपना त्यांची ठरलेली गाडी बांधा, मोकळे सोडायचे ते फक्त अजून न उचललेले पिकअप.

---

टेबल_सर्व्हिस

+१. व्रूमला यासाठी गाडीची सुरुवात म्हणून सध्याची जागा आणि टाइम विंडो आत्तापासून द्यायची, आधीच गाडीत असलेला माल साध्या डिलिव्हरी जॉब म्हणून, आणि गाडी बांधायला प्रत्येक गाडीला तिचं स्वतःचं एक स्किल. इथे मात्र स्किल हार्ड आहे तेच हवंय.